आळसाला नेसवलेलं सोवळं

मे महिन्यातल्या एका दुपारी मी भर रस्त्यात रद्दीवाल्याची हातगाडी अडवली. त्याचा काही दोष नव्हता. तो वजन करून, पैसे मोजून माल घेऊन चालला होता. गाडीवर पुठ्ठ्यांच्या खोक्यांखाली 'ज्ञानोदय'चे बांधीव अंक होते, 'स्मृतिचित्रे'च्या दोन प्रती होत्या, बाबा पदमनजींचं एक जाडजूड पुस्तक होतं आणि सुतळीने आवळलेला जुन्या 'उपासना संगीत'चा गठ्ठा होता. पहिल्या पानांवर आमच्याच मंडळीचा जांभळा शिक्का. चर्चमधलं पुस्तकांचं कपाट रिकामं करण्यात आलं होतं. कशासाठी? नव्या साउंड सिस्टिमचा ॲम्प्लिफायर ठेवायला जागा हवी होती.

त्याने दिले होते त्याच्या दुप्पट पैसे मोजून मी सगळं परत घेतलं, रिक्षात घातलं आणि तशीच पाळकसाहेबांच्या दारात उभी राहिले. त्यांनी बसवलं, पाणी दिलं आणि अत्यंत प्रेमळ आवाजात सांगितलं, "बाई, आपल्याला एकच पुस्तक पुरे आहे. बाकी सगळं मनुष्याचं ज्ञान. मला तर पवित्र आत्मा स्वतः शिकवतो."

हे तुम्हीही ऐकलं असेल. पाळक बदलतात, गावं बदलतात, वाक्य तेच असतं. ते म्हणताना नजर किंचित वर जाते आणि समोरचा माणूस निमूट होतो. कारण आत्म्याशी वाद कोण घालणार? मी मराठीची शिक्षिका. तीस वर्षं नगर जिल्ह्यातल्या पोरांच्या वह्या तपासल्या आहेत. 'बाई, मी पाठ वाचला नाही पण मला येतो' असं म्हणणारा पोरगा मी एका नजरेत ओळखते. त्याने पांढरा झगा घातला तरी ओळखते.

तर त्या 'एका पुस्तका'पासूनच सुरुवात करू. ज्याला एकच पुस्तक पुरे आहे, त्याने निदान ते तरी वाचलेलं असावं, एवढी माझी माफक अपेक्षा आहे.

पौल रोमच्या कैदेत आहे. मरण समोर दिसतंय. हिवाळा तोंडावर आलाय. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटच्या अध्यायात तो काय मागवतो? त्रोवसात कार्पाकडे राहिलेला झगा आणि पुस्तकं. त्यातही चर्मपत्रं विसरू नकोस म्हणतो. तिसऱ्या स्वर्गापर्यंत जाऊन आलेला माणूस! त्याला मरणाच्या दारात पुस्तकं लागतात आणि आमच्या साहेबांना भरल्या पोटी, पंख्याखाली लागत नाहीत. अथेनैकरांपुढे अरीयपगावर तो उभा राहिला तेव्हा त्याने अराताच्या काव्यातली ओळ वापरली. म्हणजे ताऱ्यांवर आणि हवामानावर लिहिलेलं, मूर्तिपूजक कवीचं काव्य. करिंथकरांना लिहिताना मेनांदरच्या नावावर असलेलं वचन आलं, ते नाटकवाल्याचं. तीताला लिहिताना क्रेतच्याच एका कवीचं बोलणं आलं. हे सगळं त्या 'एकाच पुस्तकात' छापलेलं आहे. म्हणजे बाकीची पुस्तकं टाकून दिलीत तरी बायबलच्या आत ती बसलेलीच आहेत. ती कशी फाडणार?

बरं, पौल पडला पंडित. मग लगेच कोळ्यांचा दाखला येतो: पेत्र आणि योहान अशिक्षित होते, प्रभूने त्यांनाच निवडलं. होते ना. आणि तोच पेत्र म्हातारपणी काय करतो? त्याच्या दुसऱ्या पत्राचा शेवट उघडा. तो पौलाची पत्रं वाचतो, त्यातलं काही समजायला अवघड आहे हे उघड कबूल करतो आणि न शिकलेले लोक त्याचा विपर्यास करतात म्हणून सावध करतो. जाळं सोडलेल्या कोळ्याने एवढी मजल मारली. आमचे बी.कॉम. झालेले अभिषिक्त सेवक जाळं टाकायलाही शिकले नाहीत आणि वाचायलाही.

मग येतं ब्रह्मास्त्र. अक्षर मारतं, आत्मा जिवंत करतो. करिंथकरांस दुसरं पत्र, अध्याय तीन. अहो, तिथे दगडी पाट्यांवरचा जुना करार आणि हृदयावरचा नवा करार यांची तुलना चालली आहे. पुस्तक वाचणं प्रकृतीला घातक आहे असं पौल सांगत नाही. हे कळायला मात्र तोच अध्याय पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा लागतो, आणि तिथेच तर घोडं पेंड खातं.

आणि स्वतः प्रभू? नासरेथच्या सभास्थानात तो उभा राहतो तो वाचायला. शास्त्री-परुश्यांशी वाद होतो तेव्हा तो त्यांना पुन्हा पुन्हा एकच टोचणी लावतो: हे तुमच्या वाचनात आलं नाही का? ज्यांचा धंदाच शास्त्र वाचण्याचा, त्यांना हा प्रश्न. मला तो नेहमी आमच्या व्यासपीठाच्या दिशेने विचारलेला वाटतो.

एक गोष्ट मात्र मला झोपू देत नाही. योशीया राजाच्या काळात मंदिराची डागडुजी चालली होती आणि नियमशास्त्राचा ग्रंथ सापडला. कुठे? मंदिरातच. देवाच्या घरात देवाचा ग्रंथ हरवला होता, धूप जळत होता, अर्पणं चढत होती, याजकांची ये-जा चालू होती आणि कुणाला काही उणं वाटत नव्हतं. शाफान चिटणिसाने तो वाचून दाखवला तेव्हा राजाने कपडे फाडले. त्याच योशीयाचा मुलगा यहोयाकीम. त्याच्यापुढे यिर्मयाची गुंडाळी वाचली जाऊ लागली. तीन-चार रकाने वाचून झाले की हा चाकूने ते कापी आणि शेगडीत टाकी. थंडीचे दिवस होते. बापाने ग्रंथ ऐकून कपडे फाडले, लेकाने ग्रंथच फाडला. एका पिढीचं अंतर! यिर्मयाने मग बारूखाकडून सगळं पुन्हा लिहून घेतलं, वर आणखी भर घातली. रद्दीवाल्याच्या गाडीपुढे उभी असताना मला ही शेगडीच आठवत होती.

आता घरच्या इतिहासाकडे येते, कारण खरा संताप तिथे आहे. जगातल्या एखाद्या ख्रिस्ती समाजाने पुस्तकांना तुच्छ लेखायचं ठरवलं तर लेखो बापडा. मराठी ख्रिस्ती माणसाला ते शोभत नाही. आपण पुस्तकांतून जन्मलो.

इंग्लंडातल्या विल्टशरचा जेझुइट पाद्री थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात उतरला. साष्टीत नव्या ख्रिस्ती लोकांना धर्मशिक्षण देऊ लागला. त्या लोकांपैकी एकाने त्याला अडवलं. त्याचं म्हणणं असं, की तुम्ही आमची जुनी पुराणं बंद केलीत, ठीक आहे. मग त्यांच्या जागी आम्हाला वाचायला दुसरं पुराण का करून देत नाही? ही हकीकत स्टीफन्सनेच आपल्या ग्रंथात सांगितली आहे. नुकता बाप्तिस्मा घेतलेला माणूस पाद्रीसाहेबांकडे काय मागतो? नोकरी नाही, कपडा नाही, चमत्कार नाही. पुस्तक मागतो. आणि तो परदेशी पाद्री त्याला 'बाळा, तुला प्रश्नोत्तरी पुरे' असं सांगून वाटेला लावत नाही. मांडी घालून बसतो आणि जवळपास अकरा हजार ओव्यांचं 'ख्रिस्तपुराण' रचतो. १६१६ साली ते राचोलला छापलं गेलं. पुढे १६४९ आणि १६५४ साली पुन्हा निघालं.

त्या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज हाती नाही. तरी ग्रंथ जगला. लोकांनी हाताने नकला केल्या, पोथीसारखा जपला. १६८४ साली गोव्याच्या पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषेविरुद्ध फर्मान काढलं, तरीही तो लोकांच्या घरांत टिकून राहिला. १९०७ साली सालदान्हांनी मंगळूरला तो छापला तो या हस्तलिखितांवरून. शांताराम बंडेलूंनी १९५६ साली पुण्यात देवनागरीत आणला. सरकारी फर्मानाला जे जमलं नाही ते आमच्या पंचकमिटीने एका ठरावात करून दाखवलं: 'कपाट मोकळे करण्यात यावे, सर्वानुमते मंजूर.'

चारशे वर्षांपूर्वी साष्टीतला माणूस पाद्रीकडे पुस्तक मागत होता. आज पाद्रीच माणसाला सांगतो की पुस्तक मागू नकोस. या उताराला काय म्हणायचं? साहेब त्याला आध्यात्मिक प्रगती म्हणतात.

विल्यम केरीचं नाव मिशनच्या प्रत्येक सभेत निघतं. चांभाराने जोडे शिवता शिवता देवाचं काम केलं, म्हणून शिक्षणाची गरज नाही, असा अर्थ काढून लोक टाळ्या घेतात. जोडे शिवता शिवता तो काय करत होता, हे सांगायचं मात्र राहून जातं. लॅटिन, ग्रीक, हिब्रू शिकत होता! दूरच्या देशांकडे त्याचं मन ओढलं गेलं ते कॅप्टन कुकच्या समुद्रसफरींची वर्णनं वाचून. प्रवासवर्णन होतं ते, स्तोत्रसंहिता नव्हती. १८०५ साली याच माणसाने मराठीचं व्याकरण काढलं आणि मत्तयाचं शुभवर्तमान मराठीत छापलं, वैजनाथ पंडितांच्या मदतीने. व्याकरण, बरं का. ज्यांना आपल्या मंडळीला चार वाक्यं धड मराठीत सांगता येत नाहीत, त्यांनी केरीचं नाव घेताना जरा खाली बघावं.

आता पंडिता रमाबाई. माझ्या सगळ्या भांडणाचा गाभा ही बाई आहे, त्यामुळे इथे मी घाई करणार नाही.

१९०५ साली केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनात जे संजीवन झालं, त्याचे दाखले आमचे आत्म्याने भरलेले बंधू उठता-बसता देतात. रात्र-रात्र प्रार्थना, रडणं, पश्चात्ताप, अग्नी. सगळं खरं आहे. पण अग्नी पेटला त्या घरात सरपण काय होतं? सिल्चरला असताना रमाबाईंना आपल्याच पुस्तकांत लूककृत शुभवर्तमानाची एक बंगाली पुस्तिका सापडली. ती तिथे कशी आली तेही त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी ती वाचायला घेतली. सुरुवात तिथे आहे. पुस्तकांच्या ढिगाऱ्यात, प्रवचनाच्या मंडपात नाही. १८८३ साली इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि लगेच त्या मान खाली घालून बसल्या का? छे! तिथल्या सिस्टर जेराल्डिनशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला तो वाचा. एकेक सिद्धांत त्या उलटापालटा करतात, हे शास्त्रात कुठे आहे ते दाखवा म्हणतात, चर्चची आज्ञा आहे एवढ्यावर काहीही मान्य करत नाहीत. आजच्या मंडळीत अशी बाई असती तर दुसऱ्या रविवारी तिच्यासाठी बंडखोरीचा आत्मा घालवण्याची प्रार्थना ठेवली असती.

पुढचं अधिक महत्त्वाचं. रमाबाईंनी स्वतःच लिहून ठेवलंय की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळालेला नव्हता; आणि हे उमगण्याच्या त्या दिवसांत त्या हॅस्लम नावाच्या इंग्रज सुवार्तिकाचं आत्मवृत्त वाचत होत्या. अनाथांना निव्वळ विश्वासावर सांभाळणारा जॉर्ज म्युलर, चायना इनलँड मिशनची हकीकत, जॉन पेटनचं चरित्र, ही पुस्तकंही त्यांनी वाचली आणि मनात प्रश्न उभा राहिला, की हे इंग्लंडात आणि चीनमध्ये होतं तर हिंदुस्थानात का होऊ नये? १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो उपाशी पोरी आणून केडगावच्या माळावर त्यांनी जे उभं केलं, त्याच्या पायात ही पुस्तकं आहेत. ज्यांना सेवा म्हणजे पुस्तक खाली ठेवल्यावर सुरू होणारी गोष्ट वाटते, त्यांनी केडगावला जाऊन यावं.

आणि संजीवनानंतर? आता आत्मा उतरला, कशाला हवीत अक्षरं, असं त्या म्हणाल्या का? त्याच काळात, चाळिशी उलटून गेल्यावर, त्या हिब्रू आणि ग्रीक घेऊन बसल्या होत्या. साध्या, खेड्यातल्या बाईला कळेल अशा मराठीत अख्खं बायबल उतरवायचं होतं. छापखाना मुक्तीतच, खिळे जुळवणाऱ्या मुक्तीतल्याच पोरी. एप्रिल १९२२ मध्ये त्या वारल्या तोवर काम हातावेगळं होत आलं होतं. बायबल १९२४ साली बाहेर पडलं. आत्म्याने भरलेली बाई शब्दकोशावर डोळे फोडत होती. आत्म्याने भरलेले आमचे साहेब शनिवारी रात्री मोबाइलवर कोरियन पाळकाचा हिंदीत डब केलेला संदेश ऐकून रविवारी तो मराठीत सांगतात.

त्या मराठीबद्दलही बोलून घेते, माझं आयुष्य त्यात गेलंय. "शेजाऱ्याकडे वळा आणि त्याला सांगा." "देवासाठी मोठ्याने टाळ्या देऊया." "मी तुम्हाला उत्तेजित करू इच्छितो." हे शेवटचं वाक्य भर सभेत ऐकून माझ्या शेजारी बसलेल्या दोन तरुण पोरींनी तोंडात पदर कोंबला होता. त्यांना हसू आलं म्हणून मी त्यांना दोष देणार नाही. ज्या व्यासपीठामागे नारायण वामन टिळकांची गीतं उभी आहेत, तिथून ही भाषा? कोकणात जन्मलेल्या टिळकांना १८९३ साली नागपूरकडून राजनांदगावला जाताना आगगाडीत एक गोरा सहप्रवासी भेटला. काव्यावर गप्पा झाल्या, उतरताना त्याने नवा करार हातात ठेवला. टिळकांनी तो खुणा करत, वाद घालत वाचला. डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि अडकले. दोन वर्षांत, फेब्रुवारी १८९५ मध्ये, बाप्तिस्मा. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं ते सांगत. म्हणजे त्यांना ख्रिस्ताकडे यायला एक पुस्तक पुरलं नाही. आधी गाथा लागली, मग शुभवर्तमान.

आमच्याकडे गाथेचं नाव काढलं की कपाळावर आठ्या. बरं, आपली तरी वाचता का? तेही नाही. प्रॉटेस्टंट लोक 'ख्रिस्तपुराण' वाचत नाहीत, कारण लिहिणारा जेझुइट. कॅथलिक बाबा पदमनजींना हात लावत नाहीत, कारण तो मिशनवाला. १८५७ साली हिंदू विधवांच्या हालांवर 'यमुनापर्यटन' लिहिणारा हा माणूस मराठीतल्या पहिल्या कादंबरीकाराचा मान घेऊन बसलाय आणि त्याची स्वतःची माणसं त्याला वजनावर विकतात. फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या ९३व्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा पाद्रीच कशाला म्हणून बाहेरच्यांनी आरडाओरडा केला. आमच्या लोकांनी अभिमानाने त्यांचे फोटो एकमेकांना पाठवले. मी विचारलं, त्यांचं 'सुबोध बायबल' कुणाकुणाकडे आहे? फोटो पाठवणाऱ्या सतरा जणांपैकी एकाकडेही नव्हतं.

तुम्ही म्हणाल, बाई, न वाचल्याने कुणाचं काय वाकडं झालं? झालंय. माणसांचं झालंय, आणि तिथे माझी थट्टा संपते.

आमच्या ओळखीतल्या एका घरात तरुण मुलगा गेला. स्वतःच्या हाताने गेला. कर्ज होतं, आणि त्याहून आधीपासून मनाचा आजार होता. कबरेपाशी उभं राहून एका पाळकाने सांगितलं, की विश्वास खंबीर असता तर हा दिवस आला नसता. आई तिथे उभी होती. तिच्या चेहऱ्याकडे मी पाहू शकले नाही. ईयोबाचे तीन मित्र नेमकं हेच बोलले होते: तुझ्यावर ओढवलं, म्हणजे तुझंच काही चुकलं असणार. आणि ग्रंथाच्या अखेरीस देवाचा कोप कुणावर होतो? त्या मित्रांवर. देवाची बाजू लढवणाऱ्यांवर! बेचाळीस अध्यायांचा ग्रंथ आहे. शेवटापर्यंत वाचला असता तर त्या माणसाने ते वाक्य गिळलं असतं. सोबत मनाच्या आजारावरचं एखादं साधं पुस्तक चाळलं असतं, तर मुलगा जिवंत असतानाच त्याला भूत काढणाऱ्या सभेऐवजी डॉक्टरकडे धाडलं असतं. लूक वैद्य होता. पौल त्याला प्रिय म्हणतो आणि त्याच्यासोबत फिरतो; त्याला औषधं फेकून दे म्हणत नाही.

एक पुस्तक पुरे म्हणणारा माणूस शेवटी एक पुस्तकही घेऊन येत नाही. चार पाठ वचनं आणि स्वतःचं मत घेऊन येतो. मत कमी पडलं की आवाज चढवतो. ॲम्प्लिफायर त्यासाठीच तर लागतो.

मेथडिस्ट पंथाच्या जॉन वेस्लीपुढे असेच प्रचारक आले होते. त्याने त्यांना दिवसाला निदान पाच तास वाचायला सांगितलं. मी फक्त बायबल वाचतो असं कुणी म्हटलं तर त्याला तो विचारी: मग लोकांनीही फक्त बायबल ऐकावं, तुझा उपदेश कशाला? वाचनाची गोडी नाही म्हणणाऱ्याला त्याने दोन वाटा दिल्या. गोडी लावून घे, नाहीतर परत आपल्या धंद्याला लाग. स्वतः पन्नास खंडांची ग्रंथमाला संपादून त्याने ती सामान्य लोकांच्या हाती दिली. आमच्याकडे सेवकाची नेमणूक करताना मुलाखतीत गाडी चालवता येते का हे विचारतात, कीबोर्ड वाजवता येतो का हे विचारतात. गेल्या वर्षी काय वाचलंत, हा प्रश्न विचारलेला मी कधी ऐकला नाही. पुढच्या नेमणुकीच्या वेळी मी तो विचारणार आहे. पंचकमिटीने खुशाल मला बैठकीतून उठवावं.

सगळीच पुस्तकं चांगली असतात असं माझं म्हणणं नाही. संमेलनांत टेबलावर मांडलेली ती चकचकीत भाषांतरं मी पाहिली आहेत: आशीर्वादाच्या सात पायऱ्या, दशांश द्या आणि फ्लॅट घ्या. त्यांच्यासाठी रद्दीवाला योग्य माणूस आहे. पण कोणतं पुस्तक ठेवायचं आणि कोणतं विकायचं हे ठरवायला दोन्ही वाचलेला माणूस लागतो. त्या दिवशी कपाटातून 'स्मृतिचित्रे' बाहेर गेली आणि सात पायऱ्या राहिल्या. निवड कुणी केली ते उघड आहे.

ती परत आणलेली पुस्तकं सध्या माझ्या पुढच्या खोलीत आहेत. वाळवीचं औषध मारलं, उन्हं दाखवली, पुठ्ठे चिकटवले. गुरुवारी संध्याकाळी आठ-दहा जण येतात. एक परिचारिका आहे, एक रिक्षावाले काका, एम.एस्सी. करणारा एक मुलगा, दोघी-तिघी सुना. आधी शास्त्राचा एक अध्याय पूर्ण वाचतो, तुकडा नाही. मग दुसरं पुस्तक. सध्या लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' चालली आहेत. शाळेचं तोंडही न पाहिलेल्या या बाईने नवऱ्याच्या मागोमाग मुकाट्याने बाप्तिस्मा घेतला नाही. काही वर्षं गेली, तिने आपल्या डोक्याने विचार केला, मग घेतला. नवरा हातातला पैसा वाटून टाकी, ही घर चालवी, आणि हे सगळं तिने न रडता, न लपवता लिहून ठेवलं. टिळकांचं अर्ध्यावर राहिलेलं 'ख्रिस्तायन'ही तिनेच पूर्ण केलं. परिचारिका बाई एका गुरुवारी म्हणाल्या, "बाई, पंचवीस वर्षं मी 'पत्नींनो, अधीन राहा'वरचे संदेश ऐकतेय. संसार म्हणजे काय ते मला या पुस्तकात कळलं." रिक्षावाले काका गप्प होते. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी सांगितलं की दर महिन्याची मिळकत आता ते बायकोला विचारून खर्च करतात. टिळकांचं पैसे वाटणं वाचून त्यांना स्वतःची उधारी आठवली होती.

पाळकसाहेबांना निरोप गेलाय. माझ्या घरी वेगळी शिकवण चालते अशी त्यांना काळजी आहे. मी त्यांना बोलावलंय. चहा देईन, खुर्ची देईन आणि ईयोबाचे बेचाळीस अध्याय त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घेईन. अजून आलेले नाहीत.

पुस्तकांसोबत कपाटातली जुनी देवघेवीची नोंदवहीही मला मिळाली. निळ्या शाईत, सुबक अक्षरात नावं: कुणी काय नेलं, कधी परत केलं. शेवटची नोंद १९८८ सालची. त्याखाली एक रेघ मारून मी पुढे चालू केली आहे. नवी पहिली नोंद 'स्मृतिचित्रे'ची, त्या दोघी-तिघींतल्या सर्वांत धाकट्या सुनेच्या नावावर. परत करायची तारीख उलटून तीन आठवडे झाले. मी विचारलं तर म्हणाली, "थांबा ना बाई, आता सासूबाई वाचताहेत."